१०१ दिवस आणि १५ सेकंद

बाळ गंगाधर टिळकांचा सव्विसावा वाढदिवस डोंगरीच्या तुरुंगात गेला. तारीख होती २३ जुलै १८८२. गोपाळ गणेश आगरकरांचा त्याआधी नऊ दिवस, खटल्याच्या धामधुमीत येऊन गेला होता. १७ जुलैला दोघांनाही प्रत्येकी चार महिन्यांची शिक्षा झाली. शिक्षेत सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते बाहेर आले, तेव्हा दाराशी लोक हारतुरे घेऊन उभे होते. पुढे आगरकरांनी या मुक्कामावर ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिलं आणि हा आकडा मराठी माणसाच्या तोंडी बसला.

पण ही शिक्षा कशाबद्दल होती, असं आज कुणाला विचारून पाहा. दहातले आठ जण सांगतील, इंग्रज सरकारवर टीका केली म्हणून. तसं नव्हतं. ती शिक्षा बनावट पत्रांवर विश्वास ठेवून एका माणसाची बदनामी केल्याबद्दल होती. म्हणजे आज ज्याला आपण ‘फेक न्यूज’ म्हणतो, त्याच जातीच्या चुकीबद्दल. आपण १०१ दिवस लक्षात ठेवले आणि पत्रं विसरलो. वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य आणि त्यांची जबाबदारी यांवर बोलताना आपला जो गोंधळ उडतो, त्याचं मूळ मला या विस्मरणात दिसतं.

प्रकरण कोल्हापूरचं. गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. दत्तक आलेले, अजून विशीही न गाठलेले. त्यांना वेड लागल्याचं सरकार सांगत होतं आणि राज्याचा कारभार माधवराव बर्वे या कारभाऱ्यांच्या हाती होता. महाराज वेडे नाहीत, त्यांना वेडं ठरवलं जातंय, त्यांचा छळ चालू आहे, अशी कुजबुज पुण्यापर्यंत पोचली होती. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही दोन्ही पत्रं जेमतेम वर्षाची होती. पहिल्याचे संपादक आगरकर, दुसऱ्याचे टिळक. सरकारी कामगारांवर उजेड पाडायचा, रस्त्यावरच्या दिव्यासारखं आणि गस्तीच्या शिपायासारखं काम करायचं, ही त्यांची जाहीर केलेली उमेद. अशात त्यांच्या हाती काही पत्रं आली. बर्वे महाराजांविरुद्ध कारस्थान करत आहेत, असं त्यांवरून दिसत होतं. पत्रं छापून आली, त्यांवर जळजळीत लिहिलं गेलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. कोर्टात पत्रं बनावट ठरली.

बनावट कागदाचा एक गुण असा की, तो संपादकाला त्याच्या मनात आधीपासून असलेलीच गोष्ट सांगतो. ‘महाराज अगदी सुखात आहेत’ असं सांगणारं पत्र आलं असतं, तर त्याच दोघांनी ते दहा वेळा उलटसुलट करून पाहिलं असतं. मनाजोगतं पत्र आलं की हात थेट खिळ्यांकडे जातो. टिळक आणि आगरकर लबाड नव्हते, पैसे घेऊन लिहीत नव्हते. ते संतापलेले होते. पत्रं खोटी असल्याचं दिसल्यावर त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. कोर्टाने ती शिक्षा टाळण्याइतकी मानली नाही.

त्यांना जामीन मिळवून देण्यात जोतीराव फुल्यांचा हात होता. त्यांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे दहा हजार रुपयांना जामीन राहिले. फुल्यांचं आणि या मंडळींचं फारसं पटत नव्हतं. तरी लिहिणारा माणूस कोठडीत सडू नये, एवढं त्यांना कळत होतं.

आता कायद्याकडे वळू. ज्या कलमाखाली हा खटला झाला ते १८६० च्या भारतीय दंडविधानातलं, ४९९ क्रमांकाचं. भारतीय न्याय संहितेत ते आज ३५६ क्रमांकाने, मुख्य मजकूर जवळजवळ तोच ठेवून नांदतं आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, तीही तेव्हाइतकीच. भर पडली ती समाजसेवेच्या पर्यायाची. या कलमाला दहा अपवाद आहेत आणि वर्तमानपत्रवाल्याचा जीव त्या अपवादांत असतो. पहिला अपवाद सत्याचा. पण नुसतं सत्य पुरत नाही, ते छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. दिवाणी दाव्यात मात्र सत्य हा पुरा बचाव असतो. एकाच मजकुराला दोन न्यायालयांत दोन मापं लागतात, ती अशी. नववा अपवाद सद्भावाने केलेल्या आरोपाचा. मग सद्भाव म्हणजे काय? त्याची व्याख्या कायद्यातच आहे आणि ती मन किती स्वच्छ होतं ते विचारत नाही. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावाने केली असं म्हणता येणार नाही, असं ती सांगते. पत्रकारितेच्या एखाद्या वर्गात फक्त हीच व्याख्या शिकवली, तरी निम्मा अभ्यासक्रम झाला असं मी म्हणेन.

१८८२ साली आणखी एक गोष्ट घडली. लॉर्ड लिटनचा १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपनने त्याच वर्षी मागे घेतला. तो फक्त देशी भाषांतल्या पत्रांना लागू होता, इंग्रजी पत्रं मोकळी होती. कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने त्यातून सुटण्यासाठी बंगाली सोडून इंग्रजी पोशाख चढवला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. त्या कायद्यानुसार सरकारी अधिकारी मुद्रकाकडून हमीपत्र घेऊ शकत होता, अनामत मागू शकत होता, छापखाना जप्त करू शकत होता आणि त्यावर कोर्टात दाद नव्हती. म्हणजे आरोप करणारं सरकार, निवाडा करणारं सरकार आणि छापखान्याला कुलूप लावणारंही सरकार. बर्व्यांच्या खटल्याशेजारी हा कायदा ठेवला की फरक डोळ्यांत भरतो. खटल्यात फिर्यादी एक माणूस होता, आरोप ठरावीक मजकुराबद्दल होता, आणि कोर्टापुढचा प्रश्न होता, हे खरं आहे का, आणि नसेल तर छापण्यापूर्वी तुम्ही काय पाहिलंत? शिक्षा कडक होती असं मला वाटतं. बदनामीसाठी माणसाला तुरुंगात घालावं का, याबद्दल आजही मतभेद आहेत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामींच्या खटल्यात हा फौजदारी गुन्हा घटनेत बसतो असा निर्वाळा दिला, तो मला पटलेला नाही. पण १८८२ च्या कोर्टाने विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता.

चुकीचा प्रश्न पुढे विचारला गेला, आणि तोही टिळकांनाच. १८९७ साली पुण्यात प्लेग होता, प्लेगचा अधिकारी रँड याच्या बंदोबस्ताने लोक गांजले होते. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा, अफझलखानाच्या वधावरच्या चर्चेचा मजकूर आला. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. ‘डिसअफेक्शन’ म्हणजे सरकारबद्दल प्रेमाचा अभाव, असा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला समजावून सांगितला. प्रेम नसणं हाच गुन्हा! एवढी अपेक्षा तर सासूदेखील सुनेकडून ठेवत नाही. सहा युरोपीय ज्युरर दोषी म्हणाले, तीन हिंदी निर्दोष म्हणाले आणि टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

१९०८ मध्ये तेच पुन्हा, अधिक कठोरपणे. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर लिहिलेले ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख खटल्याला कारण झाले. ज्युरीतल्या बहुतेकांना मराठी येत नव्हतं, लेख भाषांतरातून वाचले गेले. टिळकांनी स्वतःच बचाव केला आणि सुमारे एकवीस तास बोलले. त्यातला बराच वेळ मराठी शब्दांचे इंग्रजी अर्थ कसे चुकले आहेत, हे समजावण्यात गेला. निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा देणारे न्यायमूर्ती दावर हेच १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. नियतीला असले विनोद आवडतात.

या दोन्ही खटल्यांत ‘हे खरं आहे का?’ असं कुणी विचारलं नाही, कारण राजद्रोहाच्या कलमात त्या प्रश्नाला जागाच नव्हती. मजकूर खरा असला तरी सुटका नाही, उलट जितका खरा तितका सरकारला जास्त झोंबणारा. डोंगरी आणि १९०८ ची शिक्षा जिथे भोगली ते मंडाले यांना आपण एकाच माळेत ओवतो. मला ते दोन वेगळ्या रस्त्यांवरचे मुक्काम वाटतात.

त्यानंतर टिळक आणखी एका कोर्टात उभे राहिले, या वेळी फिर्यादी म्हणून. व्हॅलेंटाइन चिरोल या ‘टाइम्स’च्या पत्रकाराने १९१० साली ‘इंडियन अनरेस्ट’ हे पुस्तक काढलं होतं. त्यात टिळकांच्या चळवळीचा धागा राजकीय खुनांशी जोडला होता. मंडालेहून सुटल्यावर टिळकांनी बदनामीचा दावा लावला आणि १९१९ च्या सुरुवातीला तो लंडनमध्ये चालला. चिरोलचे वकील होते सर एडवर्ड कार्सन. टिळक हरले. खर्चाचा डोंगर उभा राहिला आणि तो उतरवायला महाराष्ट्रात वर्गणी जमवावी लागली. ज्याला अब्रुनुकसानीच्या कायद्याने आत टाकलं, त्यालाच त्या कायद्याकडून स्वतःची अब्रू राखून घेता आली नाही. कोर्ट परक्या गावचं, ज्युरी परकी, पैसा दुसऱ्याकडे जास्त. बदनामीचा दावा कागदावर सगळ्यांना सारखा असतो. तो लढवायला लागणारी थैली मात्र सारखी नसते.

आणि थैली उलट्या दिशेनेही चालते. १० सप्टेंबर २००८ च्या संध्याकाळी ‘टाइम्स नाऊ’ या वाहिनीवर गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याची बातमी चालू होती. त्यात कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. के. सामंता यांचं नाव होतं. छायाचित्र मात्र झळकलं पी. बी. सावंत यांचं. नावात साधर्म्य, छायाचित्रांच्या साठ्यातून घाईत काढलेला फोटो, सुमारे पंधरा सेकंद. पी. बी. सावंत म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, आणि १९९५ ते २००१ या काळात प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष. देशातल्या वर्तमानपत्रांना नीतीचे धडे देणारा माणूस घोटाळेबाज म्हणून घराघरांत दिसला. चूक कळल्यावर वाहिनीने फोटो काढला. पण जाहीर माफी पडद्यावर यायला जवळजवळ दोन आठवडे लागले. मग ती पाच दिवस दाखवली.

सावंतांनी पुण्याच्या न्यायालयात दावा लावला. एप्रिल २०११ मध्ये निकाल लागला, शंभर कोटी रुपये भरपाई. भागाकार केला तर सेकंदाला साडेसहा कोटींहून अधिक. अपील चालवायचं तर वीस कोटी जमा करा आणि ऐंशी कोटींची बँक हमी द्या, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०११ मध्ये त्यात हात घालायला नकार दिला. त्या वाहिनीबद्दल फारसं प्रेम नसलेले संपादकही तेव्हा हादरले. वीस कोटी जमा करणं मोठ्या वाहिनीला जड जाईल, पण जमेल. तोच हिशेब जिल्ह्याच्या गावी निघणाऱ्या, वाळूच्या ठेक्यांवर लिहिणाऱ्या चार पानी साप्ताहिकाला लावला तर? ते अपिलाच्या पायरीवरच संपेल. साखर कारखान्याच्या अध्यक्षाला दावा जिंकायचीही गरज नाही, नोटीस पाठवली तरी पुरे. असल्या नोटिसा किती जातात ते तालुक्याच्या पत्रकारांना विचारा.

सावंतांचा संताप रास्त होता. पण ते कोर्टात का गेले, याचं एक उत्तर ते स्वतः ज्या संस्थेच्या खुर्चीवर बसले होते तिच्यात आहे. प्रेस कौन्सिल पहिल्यांदा १९६६ मध्ये स्थापन झाली. आणीबाणीत ती गुंडाळली गेली, हे तिच्या बाजूने बोलणारं प्रमाणपत्रच म्हणायचं. १९७८ च्या कायद्याने ती पुन्हा उभी राहिली. अध्यक्ष आणि अठ्ठावीस सदस्य, त्यांतले वीस वृत्तपत्रसृष्टीतलेच. ती ताकीद देऊ शकते, कानउघाडणी करू शकते, निषेध नोंदवू शकते. दंड नाही, भरपाई नाही. आणि दूरचित्रवाणी तर तिच्या कक्षेतच नाही. म्हणजे कौन्सिलचा माजी अध्यक्ष वाहिनीची तक्रार घेऊन कौन्सिलच्या दारात गेला असता, तर त्याला दारातूनच परत यावं लागलं असतं.

कौन्सिलची खरी परीक्षा झाली ती आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणाने. ऑक्टोबर २००९ ची विधानसभा निवडणूक. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारी पानंच्या पानं मराठी दैनिकांतून झळकली. त्यातला काही मजकूर वेगवेगळ्या, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत शब्दशः तोच होता. तोच मथळा, तीच विशेषणं, जाहिरात असल्याची कुठेही खूण नाही. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये हे उघड केलं आणि चव्हाणांनी निवडणूक खर्चात वर्तमानपत्रांच्या जाहिरातींचा आकडा ५,३७९ रुपये दाखवल्याचंही छापलं. त्या निवडणुकीत आलेला एक शब्द मराठी वृत्तपत्रांच्या कोशात कायमचा राहिला, ‘पॅकेज’, म्हणजे पैसे मोजून बातम्या छापून आणण्याचा सौदा.

पैसे दिल्याघेतल्याचं चव्हाणांनी नाकारलं. प्रकरण निवडणूक आयोग, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय असं फिरलं. २०१४ मध्ये आयोगाने खर्चाचा हिशेब नीट न दिल्याचा ठपका ठेवला आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. इकडे प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोघांना देशभरच्या पेड न्यूजची चौकशी करायला सांगितलं. त्यांनी नावानिशी ७१ पानांचा अहवाल दिला. जुलै २०१० मध्ये कौन्सिलने तो बाजूला ठेवून नावं गाळलेला छोटा अहवाल प्रसिद्ध केला. केंद्रीय माहिती आयोगाने २०११ मध्ये आदेश दिल्यावरच मूळ अहवाल अधिकृतपणे लोकांपुढे आला. सरकारी फायली दडवल्या जातात म्हणून माहितीच्या अधिकारासाठी ज्यांनी अग्रलेख लिहिले, त्यांच्याच संस्थेकडून अहवाल बाहेर काढायला तो अधिकार वापरावा लागला. कुंपणाने शेत खाल्लं, आणि कुंपणावर पाटी मात्र ‘स्वनियमन’ अशी.

पेड न्यूजमध्ये आणखी एक पेच आहे. खोटी निंदा छापली तर ज्याची निंदा झाली तो फिर्याद करतो. खोटी स्तुती छापली तर फिर्यादी कोण? ज्याची स्तुती झाली तो खूश, ज्याने पैसे घेतले तो खूश. फसला तो वाचक, आणि वाचकाला अब्रुनुकसानीचा दावा लावता येत नाही. म्हणून या रोगावर औषध आलं ते भलत्याच कपाटातून, निवडणूक खर्चाच्या नियमांतून. ऑक्टोबर २०११ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या, कारण छापून आणलेल्या ‘बातमी’चा खर्च त्यांनी हिशेबात दाखवला नव्हता. उमेदवाराला शिक्षा झाली. वृत्तपत्राला अपात्र ठरवण्याची सोय कायद्यात नाही, आणि नसलेलीच बरी.

बरी का, ते विनोदकार कुणाल कामरा यांच्या खटल्यातून कळतं. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. केंद्राच्या कारभाराबद्दल समाजमाध्यमांवर आलेली कोणती माहिती खोटी, बनावट किंवा दिशाभूल करणारी आहे, हे सरकारचाच तथ्य-तपासणी कक्ष ठरवणार होता. कामरा मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांच्यात मतभेद झाला. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला पटेल यांच्या बाजूने कौल दिला आणि तो नियम रद्द झाला. लिटन साहेबांचा कायदा १४२ वर्षांपूर्वी गेला होता, पण तेच बिऱ्हाड नवी पाटी लावून परत आलं होतं. खोटं छापणाऱ्याला जाब विचारायलाच हवा. पण ‘रेशनचं धान्य वेळेवर मिळालं नाही’ ही बातमी खोटी आहे, असं पुरवठा खात्यानेच ठरवायचं म्हटल्यावर धान्य कागदावर तरी नेहमीच वेळेवर पोचेल.

या सगळ्यात सगळ्यांत स्वस्त उपाय सगळ्यांत दुर्मीळ राहिला आहे. मराठी वृत्तपत्रांत त्याला ‘खुलासा’ म्हणतात. चूक आठ कॉलमी मथळ्यात होते, खुलासा आतल्या पानावर, शब्दकोड्याच्या शेजारी, मूळ बातमी काय होती ते न सांगता छापला जातो. वाहिन्यांवर तर ‘खोटं बोल पण रेटून बोल’ हाच रिवाज. रात्री नऊला जे ओरडून सांगितलं, ते खोटं होतं असं दुसऱ्या दिवशी रात्री नऊलाच, त्याच निवेदकाने, त्याच आवाजात सांगायचं, एवढा एक नियम पाळला तरी निम्मे खटले कोर्टाची पायरी चढणार नाहीत. यात सेन्सॉर नाही, तुरुंग नाही, शंभर कोटी नाहीत. लाज तेवढी लागते.

कोल्हापूरच्या गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला. टिळक-आगरकर सुटल्यावर वर्ष-सव्वा वर्षाने, २५ डिसेंबर १८८३ रोजी, चौथे शिवाजी महाराज अहमदनगरला वारले. त्यांना तिथे पहाऱ्यात ठेवलं होतं, आणि ग्रीन नावाच्या गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीत त्यांचा जीव गेला. वय होतं वीस. पत्रं खोटी होती, त्याबद्दल दोन संपादकांनी तुरुंग भोगला होता. महाराजांच्या जिवाला धोका आहे ही बातमी मात्र खोटी नव्हती. ती सिद्ध करायला कुणाकडेही खरा कागद नव्हता.